मोटार का तापते? घरच्या घरी करावयाचे निदान

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या जेमतेम नऊ-दशांश भरतो आणि त्यामुळे उघड्या भांड्यातील पाणी ९७ अंशांच्या सुमारासच उकळू लागते. शहराच्या उत्तरेस १,४७८ मीटर उंचीच्या नंदी टेकडीवर तर ते ९५ अंशांच्या आसपास उकळते. स्वयंपाकघरात या फरकामुळे डाळ शिजण्यास थोडा अधिक वेळ लागतो, एवढेच. मोटारीच्या बाबतीत मात्र तो दुर्लक्षून चालत नाही.

पेट्रोल किंवा डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा लहानसा हिस्साच चाके फिरविण्याच्या कामी येतो. काही उष्णता धुरावाटे निघून जाते. उरलेली बरीचशी शीतक द्रवाला वाहून न्यावी लागते. पंपाच्या योगाने हा द्रव सिलिंडरांभोवती खेळतो, तापतो, आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना निवतो. मार्गात थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. द्रव साधारणतः ८२ ते ८८ अंश तापेपर्यंत ती रेडिएटरची वाट बंद ठेवते. विजेचा पंखा तर पुष्कळ मोटारींत ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान सुरू होतो. याचा अर्थ असा की, पंख्याची पाळी येते न येते तोच बंगळुरात साधे पाणी उकळण्याच्या बेतास आलेले असते.

तरीही ते उकळत नाही, याचे श्रेय रेडिएटरच्या किंवा शीतकाच्या टाकीच्या झाकणास द्यावयास हवे. प्रेशर कुकरच्या शिटीप्रमाणे या झाकणातील स्प्रिंग आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक वातावरणाने अधिक राखते. तेवढ्या दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू ११८-११९ अंशांपर्यंत चढतो, आणि त्यात ग्लायकॉल मिसळलेले असल्यास आणखी काही अंशांनी वाढतो. झाकणाच्या रबरी चकतीस तडे गेले किंवा स्प्रिंग शिथिल झाली, की हे संरक्षण नाहीसे होते. द्रव उकळतो, वाफेचे बुडबुडे धातूची उष्णता नीट वाहून नेत नाहीत आणि इंजिन अधिकच तापते. इंजिनावर मोठा खर्च करण्यापूर्वी म्हणूनच हे स्वस्त झाकण तपासावे. बदलताना जुन्यावर कोरलेला दाबाचा आकडा, उदाहरणार्थ ०.९ किंवा १.१ बार, टिपून घ्यावा व त्याच आकड्याचे नवे झाकण आणावे. जे. सी. रस्त्यावरील सुट्या भागांच्या बाजारात नुसते ‘बसते’ म्हणून दुसरे घेऊ नये.

याच कारणास्तव तापलेल्या मोटारीचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखाली ११० अंशांवर असलेला द्रव दाब सुटताच क्षणात उकळून कारंज्यासारखा उसळतो आणि तोंड व हात पोळून काढतो. झाकणावर फडके टाकल्याने हा धोका टळत नाही. वरची रबरी नळी हाताला गार लागेपर्यंत थांबावे, मग त्यास तास लागो वा दोन. इंजिन बंद असतानाही पंखा अकस्मात सुरू होऊ शकतो. त्याच्याजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी.

निदानाचा खरा धागा एका प्रश्नात आहे: मोटार केव्हा तापते? सिल्क बोर्ड चौकात अर्धा तास खोळंबल्यावर काटा चढतो, पण मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच उतरतो, असे असल्यास संशय पंख्यावर घ्यावा. धावत्या मोटारीत त्याचे काम वाराच करतो. गार इंजिन सुरू करून वातानुकूलक चालू करावा. बहुतेक मोटारींत पंखा लगेच फिरू लागतो. तसे न झाल्यास प्रथम फ्यूज पाहावा, नंतर रिले, व शेवटी पंख्याची मोटर. जळालेल्या फ्यूजच्या जागी अधिक अँपिअरचा फ्यूज घालणे म्हणजे आगीस आमंत्रण होय.

उलट, चौकात ठीक असलेली मोटार नंदीच्या चढणीवर तापत असेल, तर द्रव कमी आहे किंवा त्याचा प्रवाह कोठे तरी अडला आहे. द्रवाची पातळी गार असताना पाहावी. रेडिएटरच्या पात्यांत धूळ व किडे अडकले असल्यास हलक्या धारेने धुवावे. थर्मोस्टॅट काढून पाण्यात टांगावा व तापमापक ठेवून पाणी तापवावे. ८२ अंशांची झडप पाणी उकळण्यापूर्वीच उघडू लागली पाहिजे. हे भांडे पुन्हा स्वयंपाकास वापरू नये, हे सांगणे नलगे.

रेडिएटरमधील अडथळ्याचे मूळ पुष्कळदा पाण्यातच सापडते. बंगळुरात अनेक घरी कूपनलिकेचे दुष्फेन पाणी येते. वरचेवर तेच भरत राहिल्यास चहाच्या किटलीप्रमाणे रेडिएटरच्या नळ्यांतही क्षारांचा थर बसतो. ऊर्ध्वपातित पाणी आणि उत्पादकाने सांगितलेला शीतक द्रवच वापरावा. काढून टाकलेला द्रव अंगणात सांडू नये. एथिलीन ग्लायकॉल गोड लागते आणि विषारी असते. कुत्री ते चाटतात, आणि लहान मुलेही.

घरच्या दुरुस्तीस मर्यादा आहेच. टाकीत सतत बुडबुडे येत असतील, इंजिनाचे तेल दुधाळ झाले असेल, किंवा गरम इंजिनातूनही दाट पांढरा धूर निघत असेल, तर सिलिंडरच्या माथ्याखालील गॅस्केट फुटल्याचा दाट संभव असतो. अशी मोटार कारखान्यापर्यंतही चालवीत नेऊ नये, दुसऱ्या वाहनाने ओढून न्यावी. ॲल्युमिनियमचा माथा तापून वाकण्यास थोडी मिनिटे पुरतात.