नाक रुसते तेव्हा

स्वयंपाकघराचा निम्मा कारभार आपले नाक सांभाळते, हे एरवी आपल्या ध्यानीमनीही नसते. फोडणी बसली की करपली, दूध खाली लागले का, कालची आमटी आज चालेल का, डब्यातले शेंगदाणे खवट झाले का, हे सारे आपण डोळ्यांनी कमी आणि नाकाने जास्त ठरवतो. म्हणूनच सर्दीतापातून उठलेली एखादी बाई "मला वासच येत नाही हो" म्हणते, तेव्हा ती तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नसते.

2020 आणि 2021 साली करोनाच्या साथीत ही तक्रार घरोघर ऐकू आली. जून 2020 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास आणि चव जाणे ही करोनाची लक्षणे म्हणून नोंदवली. पण हा प्रकार एकट्या करोनाचा नाही. फ्ल्यूच्या आणि साध्या पडशाच्या विषाणूंनीही वास जातो. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना हा आजार फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत तो अधिक आढळतो.

चोंदलेले नाक वेगळे, गेलेला वास वेगळा

पडशात नाक चोंदले की वास आत पोचतच नाही. नाक मोकळे झाले की तो परत येतो. पण कधी कधी नाक स्वच्छ मोकळे असते, श्वास छान चालतो, तरी वासाचा पत्ता नसतो. दुखणे आहे ते इथे.

नाकाच्या आत अगदी वरच्या टोकाला पोस्टाच्या तिकिटाएवढे एक नाजूक अस्तर असते. वास ओळखणाऱ्या मज्जापेशी त्यातच असतात आणि त्यांना आधार देणाऱ्या दुसऱ्या पेशीही. करोनाचा विषाणू मुख्यतः या आधाराच्या पेशींवर हल्ला करतो, असे 2020 साली हार्वर्डच्या संशोधकांना आढळले. मांडव कोसळला की वेलही खाली येतो, तसेच हे. दिलासा असा, की वासाच्या पेशी आपल्या शरीरात जन्मभर नव्याने तयार होत असतात. त्यामुळे बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परततो. काहींना मात्र महिनोन्‌महिने लागतात.

आणि चव कुठे गेली?

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि टोमॅटो-मशरूममध्ये असते ती 'उमामी' एवढेच कळते. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो घास चावताना घशामागून नाकात चढणारा वास असतो. म्हणून वास गेला की श्रीखंड नुसते गोड आणि आंबट लागते, वेलची-केशर गायब!

मिरचीचा झणका, कांद्याने डोळ्यांत येणारे पाणी आणि बामचा थंडावा हे निराळ्या मज्जातंतूचे काम. "मला बाम कळतो, म्हणजे नाक ठीक आहे" असे समजू नका. डोळे मिटून कॉफीची पूड किंवा अंगाचा साबण हुंगून पाहा, तोही एकेका नाकपुडीने.

"ताप उतरला ना, मग आता काय?"

आमच्या शेजारच्या एका वहिनींचा वास 2021 च्या उन्हाळ्यात गेला. घरात सांगितले तर यजमान म्हणाले, "ताप उतरला ना, मग आता काय?" दोनदा दूध करपले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हिचं हल्ली लक्षच नसतं." ऐकून ऐकून वहिनींनाही वाटू लागले, आपणच वेंधळ्या झालो. मग एका दुपारी शेगडीचे बटण अर्धवट उघडे राहिले. वहिनी ओट्याशी भाजी निवडत उभ्या होत्या. शाळेतून आलेली लेक दारातूनच किंचाळली, "आई, गॅस!" दैवाने काही झाले नाही. पण घरातल्यांना ही तक्रार खरी वाटायला तो दिवस उजाडावा लागला.

तुमच्या घरी अशी वेळ येण्याआधीच सर्वांना स्पष्ट सांगा आणि एवढी व्यवस्था करा.

- सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. तो वासच येत नसेल, तर स्वयंपाक आटोपला की रेग्युलेटर बंद करायची सवय लावा.
- गळती सांगणारे घंटीचे यंत्र बसवून घ्या. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून यंत्र जमिनीलगत हवे. नळाने येणारा गॅस हलका, त्यासाठी ते छताजवळ हवे.
- गळतीची शंका आली तर दिव्याचे बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडा, बाहेर जा आणि तिथून 1906 या क्रमांकावर फोन करा. नळाच्या गॅसचा तातडीचा क्रमांक बिलावरून उतरवून भिंतीवर लावा.
- उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारखेची चिठ्ठी लावा. शंका आली की टाकून द्या.
- मीठ चमच्याने मोजूनच घाला. बेचव लागते म्हणून हात सैल सुटतो आणि रक्तदाब वाढतो.

वास परततो, पण वेडावाकडा

काहींना परतलेला वास भलताच येतो. कांदा-लसूण, कॉफी, तळण, मटण यांना कुजका किंवा जळका दर्प येऊ लागतो. घाबरू नका, हा मनाचा खेळ नाही. पुष्कळदा पेशी पुन्हा जोडल्या जात असल्याची ती खूण असते. तोवर दहीभात, फळे, मुगाची मऊ खिचडी असे सौम्य आणि गार करून खावे. "नखरे करते" असे मात्र तिला कोणी म्हणू नये.

नाकाची शिकवणी

जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे प्राध्यापक थॉमस हुमेल यांनी 2009 साली वासाच्या सरावाची एक साधी पद्धत मांडली. तिच्यात गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास आहेत. आपल्याकडे हे सहज जमते. चार लहान झाकणाच्या बाटल्या घ्या. एकीत गुलाबाच्या अत्तराचा बोळा, दुसरीत निलगिरी तेलाचा बोळा, तिसरीत लिंबाची ताजी साल, चौथीत कुटलेली लवंग. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली दहा-पंधरा सेकंद हलकेच हुंगा आणि तो वास पूर्वी कसा येत असे ते मनात आणा. किमान तीन महिने खंड पडू देऊ नका. सर्वांनाच गुण येतो असे नाही, पण बऱ्याच जणांना येतो आणि खर्च फारसा नाही. तेल नाकात मात्र घालू नका, आणि निलगिरीची बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका, ती पोटात गेली तर विषारी असते.

नाक मोकळे करणारे थेंब मनाने चार-पाच दिवसांहून अधिक वापरू नयेत. स्टेरॉइडच्या गोळ्या तर डॉक्टरांशिवाय मुळीच नकोत. दोन-तीन आठवड्यांत वास परतला नाही तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. एकाच नाकपुडीचा वास गेला, नाकातून रक्त येते, डोक्याला मार बसला होता किंवा सर्दी नसतानाच वास हळूहळू गेला, तर थांबूच नका.

ताप थर्मामीटरवर दिसतो, पुरळ अंगावर दिसते. गेलेला वास कोणालाच दिसत नाही. अन्नावरची वासना उडते, धाकट्याच्या टाळूचा वास हरवतो, आपल्या अंगाला घाम तर येत नाही ना या शंकेने बाई चारचौघांत जायला बिचकते. म्हणून मैत्रिणींनो, हे दुखणे मनात ठेवू नका. आणि घरातल्या कोणी ते सांगितले, तर आधी गॅसचे बटण तपासा आणि मग तिच्याजवळ बसून ऐकून घ्या.