विश्लेषण : लावणीची ‘पट्टी’ आणि ‘चाल’ म्हणजे नेमके काय?

लावणीची बैठक सुरू होताना गायिका पेटीवाल्याला रागाचे नाव सहसा सांगत नाही. ‘काळी चार’ एवढेच म्हणते. जुन्या पदसंग्रहांत तर स्वर लिहिलेलेच नसतात. पदावर ‘चाल : अमुक’ अशी एक ओळ असते. मग गाणे साठवले जाते कुठे?

‘काळी चार’ म्हणजे काय?

पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या असतात. पाश्चात्त्य ‘सी’ ही पांढरी एक, तिच्या लगतची ‘सी शार्प’ काळी एक. या क्रमाने ‘जी शार्प’ म्हणजे काळी चार. गायिका जिथे ‘सा’ धरते, ती तिची पट्टी. ती गाण्यावर नव्हे, गळ्यावर ठरते. पण एकदा ठरली की साऱ्या फडाला तिचे ऐकावे लागते. तुणतुण्याची तार आणि ढोलकीची शाईची बाजू त्याच सुराशी जुळवायची. पुढच्या गायिकेची पट्टी काळी एक असेल, तर ढोलकीवाल्याला पुन्हा खटपट.

राग कळत नाही का?

कळतो. बैठकीच्या लावणीत पिलू, भैरवीची जाण स्पष्ट ऐकू येते. पण लक्षात ठेवायची असते ती चाल : ओळ कुठे उचलायची, कोणत्या शब्दावर रेंगाळायचे, कोणत्या ठेक्यावर धृपदाला परतायचे.

मग स्वरलिपी का नाही?

पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब अशा खुणा आहेत. गंमत म्हणजे तिथेही ‘सा’ कोणत्याच पट्टीला बांधलेला नाही. इथे पंडित आणि फड यांचे एकमत! मात्र शब्दाला दिलेला झटका, ठेक्याच्या किंचित मागे राहून गाणे हे त्या खुणांत नीट मावत नाही.

‘चाल : अमुक’ ही पद्धत त्याहून सुटसुटीत. १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी, दिंडी, लावणी अशा लोकांच्या ओठांवरच्या चाली घेतल्या. ज्याच्या कानात मूळ गाणे आहे, त्याला एका नावात सगळी चाल मिळते. पण ते मूळ गाणेच विसरले गेले, तर पत्ता उरतो आणि घर नाहीसे होते. शब्द शाबूत, पण गायचे कसे ते कुणालाच ठाऊक नाही, अशी कितीतरी पदे छापील पानांवर पडून आहेत.

म्हणून गावातल्या जुन्या गायिकेचे गाणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करताना तिची पट्टी आधी बोलून घ्यावी. गाणे एकदा ठेक्याविना, एकदा ठेक्यासह म्हणवून घ्यावे. आणि ‘याच चालीवर आणखी काय गाता?’ हे विचारायला विसरू नये.