गाडीची बॅटरी रोज फुल्ल करावी का?
आपल्यापैकी अनेकजण इलेक्ट्रिक गाडी मोबाईलसारखी रोज रात्री १०० टक्के चार्ज करतात. पण लिथियम बॅटरी सतत फुल्ल आणि गरम राहिली, तर तिची क्षमता लवकर घटते. दोष नेहमी मालकाचाच असतो असंही नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या कडक उन्हात निसान लीफच्या बॅटऱ्या लवकर उतरल्या. त्यांना थंड ठेवणारी यंत्रणाच गाडीत नव्हती. मालकांनी तक्रारी केल्या, मग कंपनीने क्षमतेची ५ वर्षांची वॉरंटी दिली.
म्हणून रोज ८० टक्के पुरे, लांबच्या प्रवासाआधी १००. एलएफपी बॅटरीला मात्र अधूनमधून फुल्ल चार्ज लागतो. आयुष्याची बचत गाडीत घालण्याआधी दोन गोष्टी विचारूया: बॅटरी कोणती, आणि क्षमता घटली तर वॉरंटी मिळते का?