प्लग बदलताना ग्रीस: कुठे लावायचं, कुठे नाही

पुण्यात पावसाची झड लागली की गॅरेजमध्ये एक तक्रार ऐकू येते: पेट्रोल गाडी सकाळी मिसिंग करते, इंजिन तापलं की ठीक चालते. दोष लगेच प्लगवर जातो. पण प्लगवर बसणारी रबरी टोपी, म्हणजे बूट, तोही बघायला हवा.

प्लगच्या फटीत ठिणगी पाडायला इग्निशन कॉइल साधारण 20 ते 30 हजार व्होल्टची वीज तयार करते. एवढ्या दाबाची वीज सोपी वाट शोधते. बूट आणि प्लगचा पांढरा चिनीमातीचा भाग यांच्यामध्ये ओल शिरली, की वीज फटीत न जाता बाहेरूनच इंजिनच्या धातूत उतरते. ठिणगी नाही, म्हणून पेट्रोल न जळताच सायलेन्सरच्या वाटेला लागतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. तो जास्त तापून निकामी झाला, तर खर्च प्लगच्या कितीतरी पट.

इथे सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस कामाला येतं. अनेकांना वाटतं, ते वीज वाहून नेतं. अगदी उलट! ते वीज अडवतं. त्याचं काम दोनच: ओल बाहेर ठेवणं आणि रबर चिनीमातीला चिकटू न देणं.

आता कृती. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बूट आधी थोडा फिरवून सैल करा, मग ओढा. नाहीतर तो फाटतो. नवा प्लग बसवल्यावर बुटाच्या आतल्या कडेला मटकीच्या दाण्याएवढं ग्रीस पातळ पसरा. आतल्या स्प्रिंगवर किंवा प्लगच्या टोकावर थापू नका.

दोन पथ्यं पाळा. नाना पेठेत नुसतं ‘ग्रीस द्या’ म्हणालात तर बेअरिंगचं हातात पडेल. त्यातल्या खनिज तेलाने रबर फुगतं. नाव घेऊन मागा. दुसरं, प्लगच्या आट्यांना हे लावू नका. आटे निसरडे झाले की तेवढ्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो आणि अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे जाऊ शकतात.

आणि बुटाला चीर दिसली, तर ग्रीसने ती बुजवू नका. बूटच बदला.