स्वयंचलित कारखान्यांची सुरक्षित प्रत : जपणूक आणि पुनर्स्थापना

नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे, अर्थात एम्सचे, संगणकीय कामकाज २३ नोव्हेंबर २०२२ रोजी अचानक ठप्प झाले. सायबर हल्लेखोरांनी संस्थेच्या पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध केल्याचे सरकारने पुढे संसदेत स्पष्ट केले. रुग्णांची नोंदणी, तपासण्यांचे अहवाल आणि देयके ही कामे त्या काळात कागदावर करावी लागली. हल्ल्यातून बचावलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटल प्रणालीची माहिती परत मिळवून ती नव्या सर्व्हरवर स्थापित करण्यात आली. तरीही बहुतांश सेवा पूर्ववत होण्यास दोन आठवडे लागले.

प्रत हाताशी असणे आणि त्या प्रतीवरून काम पुन्हा उभे करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या घटनेवरून दिसून येते. मानेसर, फरिदाबाद, नोएडा, साहिबाबाद अशा राजधानी परिसरातील औद्योगिक वसाहतींना हा प्रश्न तितकाच लागू पडतो. तेथे रुग्णांच्या नोंदींच्या जागी यंत्रे चालविणारा प्रोग्रॅम असतो.

प्रोजेक्ट म्हणजे काय?

आधुनिक कारखान्यातील पट्टे, पंप, प्रेस आणि भट्ट्या यांचे नियंत्रण प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजेच पीएलसी, या उपकरणाकडे असते. अभियंता संगणकावर प्रोग्रॅम लिहितो आणि तो पीएलसीमध्ये उतरवितो. संगणकावर मात्र प्रोग्रॅमबरोबर आणखीही बरेच काही असते : प्रत्येक सेन्सरला व मोटारीला दिलेली नावे, अभियंत्याच्या टिपा, उपकरणांची रचना, नेटवर्कवरील पत्ते आणि चालकासमोरील पडद्यांचे आराखडे. या संपूर्ण संचाला प्रोजेक्ट असे म्हणतात.

यंत्र सुरू आहे म्हणजे प्रोग्रॅम त्यात सुरक्षित आहे, अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते. ती पुरती खरी नाही. सीमेन्सच्या एस७-३०० आणि एस७-४०० या जुन्या मालिकांतील पीएलसीमधून प्रोग्रॅम परत संगणकावर घेतला, तर आज्ञा मिळतात. नावे आणि टिपा मिळत नाहीत. कोणता संकेत कोणत्या मोटारीचा, हे मग विद्युत आराखडे समोर ठेवून एकेक करून शोधावे लागते. नव्या मालिकांत ही माहिती पीएलसीमध्येही साठविता येते. परंतु भारतीय कारखान्यांत पंधरा-वीस वर्षांपूर्वीची यंत्रे आजही राबत आहेत.

अनेक जुन्या पीएलसींमधील प्रोग्रॅम एका छोट्या बॅटरीच्या आधारे स्मृतीत टिकून राहतो. बॅटरी संपली असताना वीज गेली, तर तो पुसला जातो. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतातील वीजजाळे लागोपाठ दोन दिवस कोसळले होते आणि दिल्लीही अंधारात गेली होती. अशा खंडानंतर वीज परत येते. पुसलेला प्रोग्रॅम मात्र प्रत असल्यावाचून परत येत नाही.

प्रत कशी घ्यावी?

प्रत घेण्यापूर्वी संगणकावरील प्रोजेक्ट आणि पीएलसीमधील प्रोग्रॅम यांची तुलना करणे ही पहिली पायरी होय. रात्रपाळीत एखाद्या तंत्रज्ञाने थेट यंत्रावर टायमरची वेळ बदललेली असते आणि संगणकावरील प्रोजेक्टमध्ये तो बदल नसतो. तुलना न करता घेतलेली प्रत जुनीच ठरते. तापमान, वेग, वजन यांची यंत्रात ठरविलेली प्रत्यक्ष मूल्येही स्वतंत्रपणे जतन करावी लागतात.

त्यानंतर सॉफ्टवेअरमधील ‘अर्काइव्ह’ सुविधेने संपूर्ण प्रोजेक्ट एका फाइलमध्ये बंद करावा. प्रोजेक्ट उघडा असताना फोल्डरची नुसती नक्कल केल्यास काही भाग अपूर्ण राहण्याचा धोका असतो. फाइलच्या नावात यंत्राचे नाव, तारीख आणि आवृत्ती असावी. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक कारखान्याबाहेर, हा नियम जगभर मान्य आहे. किमान एक प्रत नेटवर्कपासून तुटलेली असावी.

जुन्या प्रती लगेच पुसू नयेत. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्रॅम सीमेन्सच्या ‘स्टेप ७’ प्रोजेक्टच्या फाइलींमध्येच शिरत असे. त्याचा सर्वाधिक प्रादुर्भाव झालेल्या देशांत इराण आणि इंडोनेशियापाठोपाठ भारताचा समावेश होता. प्रतच बाधित असेल, तर तिच्यावरून पुनर्स्थापना केल्याने संसर्ग पुन्हा यंत्रात येतो. अशा वेळी त्यापूर्वीची निर्दोष प्रत उपयोगी पडते.

खरी कसोटी पुनर्स्थापनेची

नव्या आवृत्तीत जतन केलेला प्रोजेक्ट सहसा जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून प्रोजेक्टसोबत त्या वेळचे सॉफ्टवेअर आणि त्याचा परवानाही जपून ठेवावा लागतो. संगणक बिघडल्यावर दहा वर्षांपूर्वीची आवृत्ती शोधत बसणे हे अनेक ठिकाणी विलंबाचे कारण ठरते.

दुसरी बाब सुरक्षेची आहे. प्रोग्रॅम उतरविताना पीएलसी थांबू शकतो. प्रत घेतल्यानंतर यंत्राच्या रचनेत बदल झाला असेल, तर जुन्या प्रोग्रॅममुळे एखादा भाग अनपेक्षितपणे हलू शकतो आणि कामगाराच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे यंत्र थांबवून, परिसर मोकळा करून आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनेच हे काम करणे आवश्यक ठरते. वर्षातून किमान एकदा सिम्युलेटरवर किंवा सुट्या पीएलसीवर प्रत उतरवून पाहिली, तर तीतील उणिवा आधीच लक्षात येतात.

याचे महत्त्व महाराष्ट्रानेही अनुभवले आहे. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील संगणक बंद पडले, तेव्हा तिच्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या न्हावा शेवा येथील टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले. कंपनीला दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागल्याचे तिच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले.

सायबर घटनेची माहिती सहा तासांच्या आत देण्याचे बंधन भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजेच सर्ट-इनने, एप्रिल २०२२ मध्ये घातले. ही सूचना यंत्रणेला सावध करते. बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू करण्यासाठी मात्र कारखान्याला, यापूर्वी एकदा तरी उतरवून पाहिलेल्या, स्वतःच्या प्रतीवरच विसंबावे लागते.