ठरलेली चाल, न ठरलेली वाट

आषाढी एकादशीला काही दिवस उरलेले असताना संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून नाशिक आणि अहिल्यानगर जिल्हे ओलांडून करमाळा तालुक्यात येते आणि रावगावाहून जेऊरला पोहोचते. त्या रात्री गावात झोप अशी कुणाला नसतेच. टाळ-मृदंगाचा नाद आणि पुणे-सोलापूर लोहमार्गावरून जाणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्या एकमेकांत मिसळून जातात. हे भजन आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो. खरे म्हणजे ते आमच्या कानांवर पडत आले. कान देऊन, संगीत म्हणून ते ऐकण्याची बुद्धी मला व्हावयास मात्र दूर कॅलिफोर्नियातील गिटार वाजविणाऱ्या एका मंडळीचे साह्य व्हावे लागले. ही कबुली थोडी लाजिरवाणी असली, तरी दिलीच पाहिजे.

घडले ते असे. एका विद्यार्थ्याने "सर, एवढे एक गाणे ऐकून पाहा," असे म्हणून आपला मोबाइल माझ्या हाती दिला. वाद्यवृंदाचे नाव 'ग्रेटफुल डेड' आणि गाण्याचे नाव 'डार्क स्टार'. सात-आठ मिनिटांतच माझा धीर सुटला. गाणे सुरू झाले होते हे नक्की. परंतु ते कोठे चालले आहे, हे वाजविणाऱ्यांना तरी ठाऊक असावे की नाही, अशी शंका आली. मी ती बोलून दाखविली. तो शांतपणे म्हणाला, "त्यांनाही ठाऊक नसतं, सर. गंमत तीच आहे." त्या वेळी मला हे उत्तर उद्धटपणाचे वाटले. ते उत्तर अचूक होते, हे समजावयास पुढची आषाढी यावी लागली.

अशा मंडळींना 'जॅम बँड' म्हणतात. 'जॅम' हा शब्द मूळचा जॅझ वादकांचा. ठरलेला कार्यक्रम आटोपल्यावर रात्री उशिरा वादक केवळ स्वतःच्या आनंदासाठी एकत्र बसत, सर्वांना ठाऊक असलेली एखादी चाल घेत आणि तिच्यावर आयत्या वेळी सुचेल ते वाजवीत. ही खासगी बैठक रंगमंचावर आणून तीच आपली मुख्य मैफल करण्याचे काम ग्रेटफुल डेडने १९६५ पासून केले. 'डार्क स्टार' १९६८ साली तबकडीवर निघाले तेव्हा ते तीन मिनिटांचेही नव्हते. तेच गाणे १९६९ साली मैफलीतील ध्वनिमुद्रण म्हणून प्रसिद्ध झाले तेव्हा सुमारे २३ मिनिटांचे झाले होते. शब्द तेच, चालही तीच. मधली वाट मात्र प्रत्येक रात्री नवी. तीस वर्षांत त्यांनी दोन हजारांहून अधिक मैफली केल्या. पण कालची मैफल आज जशीच्या तशी पुन्हा वाजविली नाही. व्हरमाँट राज्यात १९८३ साली स्थापन झालेल्या 'फिश' या बँडने ही परंपरा पुढे नेली. २०१७ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी तेरा रात्री मैफली केल्या आणि त्या तेरा रात्रींत एकही गाणे दुसऱ्यांदा घेतले नाही.

आता पालखीच्या रात्रीकडे वळू. मधोमध वीणा घेतलेला विणेकरी, दोन्ही बाजूंस टाळकऱ्यांच्या रांगा आणि समोर मृदंग. अभंग सर्वांना तोंडपाठ, चालही ठाऊक. एकाने चरण उचलला, बाकीच्यांनी तो झेलला. दुसऱ्या चरणाला मागच्या रांगेतील एका वृद्ध टाळकऱ्याने सूर वरच्या सप्तकात नेला. हे काही ठरलेले नव्हते. मृदंगवाल्याने मान वर करून त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि ठेका दुप्पट केला. त्यासरशी टाळकऱ्यांची पावले बदलली. कोणी खूण केली नाही, कोणी सांगितले नाही. पाच मिनिटांत संपावयाचा अभंग अर्धा तास चालला. मध्ये तो भरकटला असेही वाटले. आणि मग कोणाच्या तरी कंठातून मूळ ध्रुपद पुन्हा वर आले, सगळी रांग त्या ध्रुपदावर घरी परतावी तशी परतली आणि नामाचा गजर झाला. त्या क्षणी मला विद्यार्थ्याचे ते उत्तर आठवले. घरी येऊन 'डार्क स्टार' पुन्हा लावले, ते शेवटपर्यंत ऐकले. या खेपेस मी एका गिटारचा पाठलाग केला नाही. कोण कोणाचे ऐकून वळण घेतो आहे, याकडे लक्ष दिले. जॅम बँड ऐकण्याची किल्ली एवढीच आहे, आणि ती आपल्या गावातच होती.

कोणी म्हणेल, आयत्या वेळी सुचणाऱ्या संगीतासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण काय? आपले रागसंगीत तेच करीत आले आहे. आक्षेप रास्त आहे. परंतु खयालाच्या मैफलीत मुख्य कलावंत एक असतो आणि साथीदार त्याला साथ करतात. जॅम बँडमध्ये पाच-सहा जण असतात आणि पुढे कोण जाणार हे त्या-त्या क्षणी ठरते. सामुदायिक भजनाशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे, ते या अर्थाने. शिवाय हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. अमेरिकन जॅझमधील थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांना भारतीय संगीताची एवढी ओढ होती, की १९६५ साली जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव त्यांनी पंडित रविशंकरांवरून रवी ठेवले. या कोल्ट्रेनच्या वादनाचे ग्रेटफुल डेडच्या वादकांवर मोठे ऋण होते. त्यांचे तालवादक मिकी हार्ट हे उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून लयीचे पाठ घेऊन गेले. चार मात्रांच्या ठेक्यावर पोसलेल्या रॉक संगीतात या मंडळींनी 'द इलेव्हन' नावाचे ११ मात्रांचे गीत आणले. पुढे अल्लारखाँचे सुपुत्र, मुंबईच्या माहीममध्ये वाढलेले झाकीर हुसेन यांच्याबरोबर हार्ट यांनी १९७६ साली 'दिगा ऱ्हिदम बँड'ची तबकडी काढली. २०२४ च्या डिसेंबरात झाकीर हुसेन निवर्तले तेव्हा आपल्याप्रमाणे जॅम बँडच्या श्रोत्यांनीही आपला माणूस गमावला.

अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मला या मंडळींच्या व्यवहाराचे नवल अधिक वाटते. संगीत किती लांब असावे, हे बहुधा कलावंत ठरवीत नाही, बाजार ठरवितो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपत असे. म्हणून मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांना तासभर खुलणारा राग तेवढ्या अवकाशात बसवावा लागला. तबकड्या गेल्या, तरी नियम सुटला नाही. आज स्पॉटिफायसारख्या सेवेवर गाणे ३० सेकंद ऐकले गेले, की ते एकदा वाजल्याची नोंद होते. दोन मिनिटांचे गाणे असो वा तीस मिनिटांचे, नोंद एकच. अशा हिशेबात लांब वाट चालणारा कलावंत तोट्यातच राहणार.

दुसरी अडचण याहून जुनी आहे. बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली ती मांडली. कारखान्यात यंत्रे सुधारली, की तेवढ्याच मजुरांकडून अधिक माल निघतो. परंतु चार वादकांची रचना वाजवावयास पूर्वी चार माणसे आणि जेवढा वेळ लागे, तेवढीच माणसे आणि तेवढाच वेळ आजही लागतो. बाकी सर्वत्र उत्पादकता आणि वेतन वाढत जाते, तसतशी प्रत्यक्ष मैफल तुलनेने महाग होत जाते. तिच्या जागी ध्वनिमुद्रण येते, ते याच कारणाने.

या दोन्ही अडचणींवर ग्रेटफुल डेडने जे उत्तर काढले, ते व्यापाराच्या रूढ शहाणपणाच्या उलट होते. मैफलीत ध्वनिमुद्रक घेऊन येणाऱ्या श्रोत्यांना त्यांनी हाकलले नाही. १९८४ पासून तर अशा श्रोत्यांसाठी सभागृहात निराळी जागा राखून ठेवली. अट एकच : फीत वाटा, विकू नका. कॉर्नेल विद्यापीठात ८ मे १९७७ रोजी झालेल्या मैफलीच्या फिती अशाच हातोहात पसरल्या आणि पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते ध्वनिमुद्रण राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदविले. फुकट माल वाटल्याने मंडळी बुडाली नाहीत. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांचे दौरे अमेरिकेतील सर्वाधिक उत्पन्नाच्या दौऱ्यांत गणले जात. त्यांचे एक गीतकार जॉन पेरी बार्लो यांनी १९९४ साली एका लेखात यामागचे सूत्र मांडले : धान्याची किंमत टंचाईने वाढते, गाण्याची किंमत ओळखीने वाढते. फीत ऐकलेला माणूस आज रात्री नवे काय घडते, ते पाहण्यासाठी तिकीट काढून येतो.

या संगीताची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. वाट ठरलेली नसली, की ती चुकतेही. त्यांच्या कित्येक रात्री निव्वळ कंटाळवाण्या आहेत. या मंडळींच्या भोवती अमली पदार्थांचा विळखा होता आणि त्यांचे प्रमुख गिटारवादक जेरी गार्सिया १९९५ साली वयाच्या ५३ व्या वर्षी व्यसनमुक्ती केंद्रातच मरण पावले. वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची माळ आणि हा विळखा यांची सांगड घालणे अन्यायाचे होईल. भजनाचे प्रयोजन भक्ती हे आहे, रंजन नव्हे. साम्य आहे ते एकमेकांचे ऐकत नवी वाट काढण्याच्या रीतीत, आणि श्रोत्यालाच भागीदार करून घेण्यात.

आणि येथेच आपली खरी चिंता सुरू होते. बॉमोल-बोवेन यांचा सिद्धांत अनेक गावांच्या देवळांतून रोज पहाटे सिद्ध होत आहे. काकड्याला पाच माणसे जमविण्यापेक्षा ध्वनिक्षेपकावर ध्वनिमुद्रित काकडा लावणे स्वस्त पडते. तरुण मुले कामधंद्यासाठी पुण्याला जातात. मृदंगाला हात बसावयास जी वर्षे द्यावी लागतात, ती देणार कोण? आळंदीची वारकरी शिक्षण संस्था १९१७ पासून हे शिक्षण देत आहे. परंतु गावोगावच्या भजनाचे ओझे एकट्या संस्थेने वाहावे, ही अपेक्षा बरोबर नाही. अभंगांच्या गाथा छापल्या गेल्या, म्हणून शब्द वाचले. गावोगावच्या चाली मात्र छापल्या गेल्या नाहीत; त्या त्या वृद्ध टाळकऱ्यासारख्यांच्या कंठात आहेत आणि त्यांच्याबरोबरच जाणार आहेत. अमेरिकेतील त्या हौशी श्रोत्यांनी हजारो रात्री फितींवर जपून ठेवल्या. आमच्या आजोबांच्या पिढीची एकही एकादशी आमच्याजवळ नाही.

उपाय खर्चाचा नाही. ध्वनिमुद्रक आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. महाविद्यालयाने महिन्यातील एक संध्याकाळ गावच्या भजनी मंडळाला द्यावी. मंडळाची अनुमती घेऊन विद्यार्थ्यांनी ते भजन संपूर्ण, काटछाट न करता मुद्रित करावे. गाव, तिथी आणि चाल कोणाकडून आली याची नोंद ठेवावी आणि अट तीच घालावी : वाटा, विकू नका. शिक्षकांनी आणि कचेरीतून परतणाऱ्या मंडळींनी एवढेच करावे, की त्या संध्याकाळी दहाव्या मिनिटाला घड्याळ पाहू नये.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी येत्या आषाढीला पालखीच्या भजनासाठी बोलाविले आहे. त्याने मला त्याचे गाणे ऐकविले. मी त्याला आपले ऐकविणार आहे. तो मागच्या रांगेत टाळ घेऊन उभा राहिला, तर ती फेड व्याजासह झाली असे मी समजेन.