बोगमाळोचे नौदल विमान संग्रहालय : डेकने घडवलेली विमाने

गोव्यातील दाबोळी विमानतळाच्या पठारावर, बोगमाळोच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यालगत भारतीय नौदलाचे विमान संग्रहालय उभे आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाचे दोन भाग असून, उघड्या मैदानावर निवृत्त विमाने व हेलिकॉप्टरे आणि शेजारच्या दुमजली इमारतीत इंजिने, शस्त्रे, छायाचित्रे व जहाजांच्या प्रतिकृती अशी त्याची मांडणी आहे. श्रीपूर (ता. माळशिरस) आणि आसपासच्या उसाच्या टापूतील वाचकाला लढाऊ विमान जवळून पाहायचे असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातील मिग-२३ अधिक सोयीचे पडते, मात्र ते जमिनीवरच्या धावपट्टीसाठी घडवलेले विमान आहे, आणि जहाजावरून उडणाऱ्या विमानाची घडण मुळातच कशी निराळी असते हे समजून घ्यायचे असेल, तर घाट उतरून बोगमाळो गाठावे लागते.

भारतीय नौदलाच्या हवाई शाखेचा आरंभ गोव्यात झालेला नाही. पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरू शकणारे ‘सीलँड’ हे तिचे पहिले विमान १९५३ मध्ये कोचीला आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात तेथे ‘आयएनएस गरुड’ हा तळ कार्यान्वित झाला. ‘आयएनएस हंसा’ हा दुसरा तळ सप्टेंबर १९६१ मध्ये कोईमतूरजवळ सुरू झाला. पुढे त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगीजांनी बांधलेली दाबोळीची धावपट्टी नौदलाकडे आली आणि १९६४ मध्ये ‘हंसा’ तेथे हलवण्यात आला. संग्रहालय बोगमाळोला असण्याचे कारण हे असे सरळ आहे : येथे ठेवलेल्या विमानांपैकी बरीचशी शेजारच्याच धावपट्टीवरून उडत असत.

या मैदानाचा केंद्रबिंदू म्हणून ‘सी हॉक’ या ब्रिटिश बनावटीच्या जेट विमानाकडे पाहणे उचित ठरेल, कारण विमानवाहू जहाजाच्या डेकवरील टंचाईला दिलेली उत्तरे त्याच्या अंगावर एकामागून एक वाचता येतात. मुख्य टंचाई लांबीची : १९५७ मध्ये ब्रिटनकडून विकत घेतलेले आणि ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झालेले ‘विक्रांत’ हे जहाज टोकापासून टोकापर्यंत जेमतेम २१३ मीटरचे होते, आणि उतरणाऱ्या विमानाच्या वाट्याला त्यातला काही भागच येई. ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने येणारे विमान तेवढ्या जागेत चाकांच्या ब्रेकने थांबणे शक्य नसल्यामुळे त्याच्या शेपटीखाली पोलादी हूक बसवलेला असतो; डेकवर आडव्या ताणलेल्या जाड तारांपैकी एखादी या हूकमध्ये अडकली की विमान काही क्षणांत खेचले जाऊन थांबते, आणि तार हुकली तर वैमानिकाला पुन्हा हवेत झेप घ्यावी लागते. दुसरी टंचाई रुंदीची, आणि तिच्यासाठी ‘सी हॉक’चे पंख वर दुमडता येतात. शिवाय त्याच्या जेटचा झोत शेपटीतून न काढता दोन फाटे करून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सोडलेला असल्यामुळे धडाच्या मागच्या भागात इंधनाची टाकी बसवता आली. समुद्रावर अधिक काळ उडू शकण्याच्या दृष्टीने ही रचना फार विचारपूर्वक केलेली दिसते.

‘विक्रांत’च्या डेकवर उतरणारे पहिले भारतीय वैमानिक लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी, त्यांनी मे १९६१ मध्ये ‘सी हॉक’ उतरवले आणि पुढे ते नौदलप्रमुख झाले. याच विमानांनी ४ डिसेंबर १९७१ रोजी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले चढवले. त्या मोहिमेतील खरी अडचण मात्र जहाजाच्या पोटात होती. बॉयलरला तडा गेल्यामुळे ‘विक्रांत’ला पूर्ण वेग घेता येत नव्हता, आणि विमानवाहू जहाजाचा वेग हा विमानांच्या उड्डाणाचाच भाग असतो : वाफेच्या दाबाने विमान पुढे फेकणारे यंत्र, म्हणजे कॅटापल्ट, जेवढा जोर देते त्यात समोरून येणाऱ्या वाऱ्याची भर पडावी लागते, आणि वारा मंद असेल तर ती भर जहाजाने स्वतः वेगाने पुढे जाऊन घालायची असते.

शेजारचे ‘अलिझे’ हे फ्रेंच विमान पाणबुड्या हुडकण्यासाठी बनवलेले, तिघांच्या चमूचे. जेट इंजिनाच्या शक्तीने पुढचा पंखा फिरवणारे टर्बोप्रॉप इंजिन त्याला असल्याने ते संथ गतीने दीर्घकाळ समुद्रावर घिरट्या घालू शके, आणि रडारचा घुमट गरजेनुसार पोटातून खाली सोडता येई. दिसायला हे विमान बोजड आहे. कामाला मात्र चोख होते.

१९८३ च्या अखेरीस दाबोळीला आलेल्या ‘सी हॅरियर’ने लांबीचा प्रश्न वेगळ्याच मार्गाने सोडवला. त्याच्या इंजिनाचा झोत चार फिरत्या तोंडांतून बाहेर पडतो, पुढच्या दोहोंतून थंड हवा आणि मागच्या दोहोंतून तप्त वायू. ही तोंडे खाली वळवली की विमान हवेत स्थिर राहून सरळ खाली उतरते, त्यामुळे हूक आणि तारांची गरजच उरत नाही. उड्डाणासाठी डेकच्या टोकाला वर वळलेला उतार, म्हणजे स्की-जंप, पुरेसा होतो. त्याचे पंख आखूड असल्याने दुमडावे लागत नाहीत. डेकखाली नेणाऱ्या लिफ्टमध्ये मावावे म्हणून दुमडते ते त्याचे नाक. ही विमाने मे २०१६ मध्ये निवृत्त झाली.

विमानवाहू जहाजाच्या डेकसाठी न घडवलेलीही काही विमाने येथे आहेत. त्यांपैकी एकावर एक असे उलट दिशांनी फिरणारे दोन पंखे असलेल्या रशियन ‘कामोव्ह-२५’ हेलिकॉप्टरची, किंवा पुढचे धड लाकडाचे असलेल्या ‘व्हँपायर’ची दखल थोडक्यात घेता येईल. चार इंजिने आणि तीन उभ्या शेपट्यांचे ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ हे आधी एअर इंडियाचे प्रवासी विमान, मग हवाई दलाचे आणि १९७६ पासून नौदलाचे सागरी टेहळणी विमान होते. मराठी वाचकाने मात्र ‘एचटी-२’ या छोट्याशा प्रशिक्षण विमानापाशी अधिक काळ थांबावे. १९५१ मध्ये प्रथम उडालेल्या या विमानाचा आराखडा कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. घाटगे जर्मनीत गॉटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकले होते, आणि ज्या देशात तोवर प्रामुख्याने परदेशी आराखड्यांची विमाने जोडली वा दुरुस्त केली जात, तेथे त्यांनी स्वतःच्या आराखड्याचे विमान उभे केले. तरीही महाराष्ट्रात त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही, हे खेदजनकच म्हटले पाहिजे.

उघड्यावरच्या मांडणीची किंमतही मोजावी लागते. खारा वारा अॅल्युमिनियमला पोखरतो आणि कोकणपट्टीचा पाऊस सांध्यांत मुरतो, त्यामुळे रंगाचे नवे थर देत राहणे ही येथील जतनाची किमान अट आहे. सर्वच नाही, तरी निदान सर्वांत जुनी विमाने छपराखाली असायला हवीत. ही निकड आता वाढली आहे, कारण ‘विक्रांत’ २०१४ मध्ये मुंबईत तोडायला घेतले गेले आणि २०१७ मध्ये निवृत्त झालेले ‘विराट’ हे दुसरे विमानवाहू जहाज अलंगला मोडीत निघाले, म्हणजे ज्या डेकनी या विमानांना घडवले ते डेक आता इमारतीतील प्रतिकृतींतच पाहावे लागतात. डेकने घडवलेली रचना मात्र टिकून आहे : ‘हंसा’वर आज असलेल्या ‘मिग-२९के’ विमानांचे पंखही दुमडतात आणि त्यांच्या शेपटीखालीही हूक आहे.